बांधलेली घंटा

ही गोष्ट खरं तर मी आत्ता सांगायला नको. बाहेर अजून ऊन आहे, आणि दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, असं मला घरी बजावून ठेवलेलं आहे. पण ही गोष्ट त्याच समजुतीची आहे. हळू आवाजात सांगते. तुम्हीही हुंकार हळूच द्या.

फार जुन्या काळी एका घाटाच्या माथ्यावर लहानसं गाव होतं. घाट चढून आलं की वाटेला दोन फाटे फुटत. एक गावात येई, दुसरा कड्यावर जाऊन संपे. फाट्याजवळ एका बाईचं घर होतं. तिच्या दारातल्या जांभळीला पितळेची मोठी घंटा टांगलेली होती. धुकं उतरलं की बाईने घंटा वाजवत बसायचं आणि वाटसरूंनी आवाजाच्या रोखाने यायचं, अशी त्या गावाची रीत होती.

बाईला एकच भाऊ, म्हणजे गावातल्या सगळ्या पोरांचा मामा. तो खाली खाडीकाठी राहायचा. वर्षातून एकदा बैलावर मीठ लादून तो घाट चढायचा, आणि तो येईपर्यंत बाईला घास गोड लागायचा नाही.

एका वर्षी त्याला यायला उशीर झाला. "धुक्यात जरा भरकटलो, एवढंच," तो हसत म्हणाला. पण पाणवठ्यावर कोणीतरी बोललं, "गावात कोणीतरी दिवसा गोष्टी सांगतंय, दुसरं काय!"

ते बोलणं बाईच्या मनात कुसळासारखं रुतलं.

शेजारी एक म्हातारी राहायची. तिला भुतांच्या, राण्यांच्या, बोलणाऱ्या पोपटांच्या किती तरी गोष्टी येत. दिवेलागण झाली की सगळं गाव तिच्या ओट्यावर जमे. बाई आता तिच्यावर नजर ठेवू लागली. भर दुपारी मुलं म्हातारीकडे कशाला जातात? मी दिसले की गप्प का होतात? खरं तर मुलं बाईच्या वटारलेल्या डोळ्यांना भिऊन गप्प होत. बाईला मात्र वाटे, नक्कीच काहीतरी लपवताहेत. म्हातारीने प्रेमाने पाठवलेली चटणी तिने आधी मांजरापुढे ठेवली. मांजर शिंकलं. तोही तिला पुरावाच वाटला.

पुढच्या वर्षी भाऊ यायचा तो दिवस उजाडला आणि सकाळपासूनच धुकं दाटलं. बाई दोरी धरून घंटा वाजवू लागली. मध्येच शेजारून कुजबुज आल्यासारखी वाटली. ती थांबली, तर काहीच नाही. पुन्हा वाजवू लागली, तर पुन्हा कुजबुज. म्हणजे माझ्याच घंटेच्या आडून म्हातारी गोष्ट सांगते तर!

तिने दोरी सोडली. तरी वाऱ्याने घंटा किणकिणतच होती. मग तिने घंटेच्या लोलकाला चिंधी गुंडाळून घट्ट गाठ मारली, दबक्या पावलांनी गेली आणि शेजारच्या कुडाला कान लावला.

आत पुटपुट चालली होती. बाई तशीच आत घुसली.

"सापडलीस! भर दिवसा गोष्ट सांगतेस? माझ्या भावाच्या वाईटावर टपलीस?"

म्हातारीने मान वर केली. तिच्या मांडीवर नातीचं डोकं होतं. "गोष्ट कसली, भवाने! उवा मारतेय. शिव्या घातल्याशिवाय हाती लागत नाहीत मेल्या."

नात फिसकन हसली.

"खोटं! मला सगळं ठाऊक आहे. मागच्या वर्षीही तूच..."

"थांब." म्हातारी एकदम ताठ बसली. "पोरी, तुझी घंटा का गं गप्प?"

बाई धावत सुटली. धुक्याने भिजून गाठ आवळली होती. तिने ती दातांनी सोडवली. मग हात सोलवटेपर्यंत घंटा वाजवली. कोणी आलं नाही.

धुकं विरल्यावर भाऊ कड्याखालच्या झुडपात सापडला. बैल दरीत गेला होता. भाऊ वाचला, पण एका पायाने कायमचा अधू झाला.

तो शुद्धीवर आला तेव्हा बाई रडत म्हणाली, "भाऊराया, कोणीतरी गोष्ट सांगितली असणार रे!"

"अक्का, मला कुठली ऐकू येणार गोष्ट?" तो क्षीण आवाजात म्हणाला. "मी घंटा ऐकत येत होतो. ऐन फाट्यावर ती थांबली. वाटलं, सरळच असेल, म्हणून तसाच पुढे गेलो."

बाईने सोलवटलेले हात पदराखाली लपवले.

भाऊ पुन्हा कधी घाट चढू शकला नाही. दरवर्षी बाईच डोक्यावर गाठोडं घेऊन खाली उतरायची. आणि निघताना घंटेची दोरी म्हातारीच्या हातात देऊन जायची.

तात्पर्य : दुसऱ्याच्या घरात कान घालायला जो आपली घंटा बांधतो, त्याचीच माणसं वाट चुकतात.

आता तुम्ही विचाराल, मग दिवसा गोष्ट सांगितली तर मामा खरंच वाट चुकतो का? तर मला असं वाटतं, की

"अगं ए, कुठे बसलीस? पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर ये आधी. मामा आलाय!"