न चोपलेली वीतभर जमीन

चपला बाहेर काढा आणि इथे मधल्या भिंतीपाशी जरा वाका. हात लावून बघा. खोलीभर जमीन कशी गुळगुळीत आहे, पाणी सांडलं तरी घरंगळत जाईल. आणि ही भिंतीलगतची वीतभर पट्टी? भुसभुशीत. बोट रोवलं तर पेरभर आत जातं. मागे एक इंजिनियर पाहुणे आले होते, ते म्हणाले, "बाबा, इथं काम अर्धवट राहिलंय." मी म्हटलं, साहेब, राहिलेलं नाही, ठेवलेलं आहे.

आमच्या किंजळखोलात सपाट जागा नखभर. त्यामुळे इथे सगळी जोडघरं, म्हणजे दोन बिऱ्हाडं आणि दोघांत मिळून एकच मातीची मधली भिंत. अशा भिंतीच्या दोन्ही अंगांना ही वीतभर पट्टी तुम्हाला प्रत्येक घरात दिसेल. मी स्वतः चाळीसेक जमिनी चोपल्या आहेत, आणि दर वेळी भिंतीपासून वीतभर अलीकडे हात आवरला आहे. चोपणाऱ्याच्या हाताला अर्धं काम सोडणं फार जड जातं. तरी सोडायचं. आणि दुसरी गोष्ट, आमच्याकडे कुणी भिंतीवर ठोका मारला तर उत्तराचा ठोका कोणी देत नाही. पोरांनी खेळात दिला तरी पाठीत धपाटा बसतो. तुम्ही फरशी घालणार म्हणता, मशीन लावून कापणार म्हणता. घाला. घर तुमचं आहे. पण हे ऐकून घ्या आणि मग काय ते ठरवा.

फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा घाटात गाडीरस्ता नव्हता. मीठ बैलांच्या पाठीवर घालून वर न्यायचे. वरच्या आळीच्या शेवटच्या जोडघरात, एका अंगाला धाकू आणि येसू असं जोडपं राहत असे. धाकूचे दोन बैल होते आणि तो मिठाच्या तांड्याबरोबर घाटावर जायचा. दुसरं अंग कित्येक वर्षं रिकामं होतं. छप्पर गळलेलं, आत घुशींचं राज्य. येसू त्या रिकाम्या घराला भ्यायची, असं सांगतात. धाकू गावाला गेला की भिंतीकडे पाठ करून झोपायची नाही म्हणे.

लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर येसूला दिवस गेले. सगळ्या गावाने आनंद केला. धाकूने त्या साली तांड्याला नकारच दिला असता, पण दिवाळीनंतर बातमी आली की रिकामं अंग राघो आणि बायजा या जोडप्याने घेतलं आहे. खाडीकाठची माणसं. उधाणाने घर नेलं म्हणून डोंगरात येत होती. धाकूच्या मनावरचा धोंडा उतरला. येसूला आठवा सरत आला होता, महिना हातात होता. पंधरा दिवसांत परत येतो म्हणाला. निघताना त्याने तिला सांगितलं, "आता भिंतीपलीकडं माणसं येतायत. काय झालं तर मधल्या भिंतीवर तीन ठोके मार, धावत येतील." आणि तो पहाटे तांड्याबरोबर निघून गेला. राघो आणि बायजा त्याच दिवशी उन्हं वर आल्यावर पोचली. तीन ठोक्यांचं धाकूने येसूला सांगितलं, पण ज्यांनी ते ऐकायचे त्यांना सांगायचं राहून गेलं. माणूस घाईत निम्मं सांगतो आणि सगळं सांगितलं असं समजतो.

राघो आणि बायजा वाईट नव्हती. हे मी मुद्दाम सांगतो, कारण ऐकणारे लगेच त्यांच्या नावाने बोटं मोडतात. बायजाच्या मनात पहिल्याच दिवशी शेजारी जाऊन यायचं होतं. पण छप्पर शाकारायचं होतं, मग जमीन करायला घेतली. लाल माती भिजवून, मळून खोलीभर पसरली. अशी ओली जमीन थांबून राहत नाही. चोपणं म्हणजे लाकडाची जाड फळी, मूठ असलेली. माणसं ओळीने बसतात आणि एका तालात मारत जातात. मध्येच थांबलात तर भेगा पडतात आणि सगळी मेहनत मातीत. बायजा दोनदा उठली होती म्हणे. दोन्ही वेळा तिने आपले गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले पाय पाहिले. शेजारणीची ओटी नुकती सारवलेली, दारात रांगोळी. असल्या पायांनी कुठं जायचं? राघो म्हणाला, "जमीन होऊ दे. घरभरणीला दोघं जोडीनं जाऊ, गूळखोबरं घेऊन." तिलाही ते रीतीला धरून वाटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी बायजाच्या मदतीला आलेल्या खाडीकाठच्या दहा-बारा बायका चोपणी करत बसल्या होत्या. गाणी चालली होती. गावातली माणसं सगळी वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावर, गवत कापायला गेलेली. आणि त्या दुपारी येसूला महिनाभर आधीच कळा आल्या. ती घागर उतरवताना पडली असंही काही जण सांगतात. उठता येईना. सरपटत ती मधल्या भिंतीपाशी आली. हाका मारल्या. पलीकडे गाणं होतं. मग तिने वरवंटा उचलला आणि भिंतीवर तीन ठोके मारले.

भिंतीलगत बायजाच बसली होती. तिने ते ऐकले. आता तुम्हीच सांगा, नव्या घरात, नव्या गावात, गाण्याच्या भरात भिंतीपलीकडून तीन ठोके आले तर माणसाला काय वाटेल? बायजा हरखली. "ऐकलंत काय गं? शेजारीणबाय ताल धरत्येय!" सगळ्या हसल्या. आणि बायजाने चोपणं उचलून भिंतीवर तीन ठोके परत दिले. चांगले जोरात, आपुलकीने.

पलीकडे येसूने ते ऐकलं. तिला वाटलं, कळलं त्यांना. येतायत.

म्हणून तिने हाका मारायचं थांबवलं. वरवंटा खाली ठेवला. अंगणापर्यंत सरपटत गेली असती तर कदाचित सड्यावरून उतरणाऱ्या कोणाला तरी दिसली असती. ती गेली नाही. दाराकडे डोळे लावून पडून राहिली. बराच वेळ कोणी आलं नाही तेव्हा तिने परत तीन ठोके मारले. आणि पलीकडून परत तीन आले. मला ही गोष्ट माझ्या आजीने सांगितली तेव्हा ती इथे थांबायची आणि पदराने तोंड पुसायची.

उन्हं कलली तेव्हा चोपणी संपली. जमीन अशी झाली होती की बायकांनी तिच्यावरून हात फिरवले. बायजाने विहिरीवर पाय घासून धुतले, केस नीट केले, वाटीत गूळखोबरं घेतलं आणि शेजारच्या ओटीवर चढली. "येसूबाय, ताल छान धरलात हो," असं म्हणतच ती आत गेली.

मुलगी होती. येसूने तिला पदरात गुंडाळून छातीशी धरलं होतं. ती थोडा वेळ जगली होती, असं सांगतात. नुसती ऊब मिळाली असती, नाळ बघणारं कोणी असतं, तर जगली असती. येसू रडत नव्हती. तिने बायजाकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "येतो म्हणालात ना? मग इतका वेळ कुठं होतात?"

बायजा वाटी टाकून धावत बाहेर आली. सुईणीला बोलावणं गेलं, येसू वाचली. त्याच संध्याकाळी बायजाने आपल्या नव्या जमिनीवर, त्या भिंतीलगत, नखांनी माती उकरली. वीतभर. राघो हात धरायला गेला तर म्हणाली, "हितं मी बसले होत्ये. हितं आता कोणी चोपायचं नाय."

धाकू बाराव्या दिवशी आला. येताना त्याने घाटावरून पाळण्याला बांधायचा लाकडी राघू आणला होता. त्याला अंगणातच सांगितलं. त्याने बायजाला शिवी दिली नाही. भिंतीला कपाळ टेकून तो म्हणाला, "अर्धा दिवस थांबायचं होतं मी. त्यांना सांगून जायचं होतं."

राघो आणि बायजाने सामान बांधलं. कुठल्या तोंडाने राहणार? निघाली तेव्हा येसू अंथरुणातून उठून पहिल्यांदाच ओटीवर आली. खांबाला धरून उभी राहिली. बायजा तिच्या पाया पडायला गेली तर येसूने पाय मागे घेतले. माफ केलं असं ती तेव्हाही म्हणाली नाही, नंतरही कधी म्हणाली नाही. ती म्हणाली, "जाऊ नका. घर परत रिकामं झालं तर मी ठोका कोणाला मारू?"

दोघं राहिली. येसूला परत मूल झालं नाही. पुढे पस्तीस-चाळीस वर्षं, भिंतीवर नुसतं भांडं लागलं तरी बायजा हातातलं टाकून धावत यायची. पोळी तव्यावर जळायची, पण ती यायची. येसू म्हणायची, "काय नाय, तांब्या पडला." मग दोघी थोडा वेळ बसायच्या. तो लाकडी राघू खुंटीला टांगलेला असायचा. येसूच्या शेवटच्या दुखण्यात तिने तीन ठोके मारायला हात उचलला, आणि तिसरा पडायच्या आत बायजा उशाशी होती, असं सांगतात.

तेव्हापासून आमच्याकडे नवं बिऱ्हाड आलं की मातीला हात लावण्याआधी शेजारी जातं. चिखलाचे पाय असले तरी जातं, ओटी काय, परत सारवता येते. घरात कोण आजारी, कोण बाळंत, कोण दुपारचं निजतं, ते विचारतं. चोपणीत दर गाण्यानंतर हात थांबवतात आणि भिंतीला कान लावतात. भेगा पडल्या तर पडू देत.

आजही ती वीतभर माती कोणी चोपत नाही. तुमची फरशी तेवढी अलीकडे थांबवा, एवढं माझं ऐका. आणि तुम्ही विचारलं नाहीत, पण मीच सांगतो, कारण धाकूने सांगितलं नव्हतं. या भिंतीपलीकडे मी राहतो. माझी मंडळी श्रावणापासून अंथरुणाला खिळून आहे. मी दिवसाचा बाजाराला जातो तेव्हा ती एकटी असते. तिच्या उशाशी वरवंटा ठेवलेला आहे. तीन ठोके ऐकू आले तर उलट ठोका देऊ नका. उठून या.