चिंचेपासून विहिरीपर्यंत

त्या दिवशी सकाळी धुकं असं दाट पडलं होतं, की गाडीवानाला आपल्याच बैलांची शिंगं दिसेनात. गोष्ट फार जुनी. एका गावात एक म्हातारा पाटील होता. त्याच्या शेजारी, रस्त्याच्या वळणावर, एक कुंभारीण राहायची. धुक्यातून एक गाडी दौडत आली नि तिच्या वाळत घातलेल्या मडक्यांवरून गेली. तिथंच खेळणारी तिची नात हातभर अंतरानं वाचली.

"आज मडकी गेली, पाटील," कुंभारीण म्हणाली. "उद्या पोर जाईल. काहीतरी करा, नाहीतर चाक उचलून मी दुसरं गाव बघते."

पाटलानं चावडीवर हुकूम सांगितला: गावाबाहेरच्या खिंडीपासून वळणापलीकडच्या विहिरीपर्यंत सगळ्या गाड्या चालीनं जातील, पळवायच्या नाहीत. मग लाल पागोटं घालून तो स्वतः पारावर बसला. गाड्या वरातीसारख्या सावकाश जाऊ लागल्या.

"झालं की गं काम!"

"तुमचं पागोटं बघून झालं," कुंभारीण म्हणाली. "एकदा घोंगडी पांघरून माझ्या ओट्यावर बसा."

पाटील बसला. पहिलीच गाडी खडखडत वळणावर आली. पाटलानं काठी आडवी धरली.

"हुकूम ऐकला नाहीस, लेका?"

"ऐकला की," गाडीवान खाली मान घालून म्हणाला. "पण पाटील, खिंडीखालच्या माळावर ना माणूस, ना मेंढरू. तिथं कशाला रांगायचं? तिथं कुणीच पाळत नाही. नि तिथं मोडला, की मग वळणावर तरी कोण पाळतो?"

पाटलाला रात्रभर झोप लागली नाही. दिलेला हुकूम मागं घ्यायचा म्हणजे गाव हसणार. पण पोरीचा जीव मोठा, का पागोटं?

सकाळी तो चावडीवर म्हणाला, "माळावर तुमच्या मर्जीनं चला. पण वळणाअलीकडची चिंच आली, की विहिरीपर्यंत गाडीवानानं उतरायचं नि बैलांच्या पुढं चालायचं."

"पाटलानं शब्द फिरवला!" लोक हसले.

काही दिवसांनी पुन्हा तसंच धुकं पडलं. पाटील तापानं अंथरुणावर होता. माळावरून घुंगरांचा आवाज जोरात येत होता. आवाज चिंचेपाशी थांबला आणि मग सावकाश, पावलापावलानं पुढं आला.

थोड्या वेळानं नातीला कडेवर घेऊन कुंभारीण दारात आली. करडामागं धावताना पोर धुक्यात बैलांपुढं चालणाऱ्या गाडीवानाच्या गुडघ्याला धडकली होती. त्यानंच तिला उचलून घरी आणलं होतं.

कुंभारीण जे बोलली, तेच या गोष्टीचं तात्पर्य:

"पाटील, हुकूम गरजेपुरता ठेवलात, म्हणून तुम्ही नसतानाही तो पाळला गेला."