फुग्यांचं पीठ आणि रिकामं स्टूल

“पण मास्तर, हे स्टूल कोणाचं?”

ब्रिजितने तिसऱ्यांदा विचारलं. इनास मास्तर खिडकीशी बसून टाक पुसत होते. ते पुसतच राहिले.

बेटावरच्या चर्चचं एक छोटं मासिक निघतं. त्याचं शेवटचं पान मास्तरांचं. एकतीस वर्षं ते त्या पानावर एकाच घराची गमतीची चित्रं काढत आले होते. बाप बस्त्याव, आई नातालीन, कानाने जड आजी, दोन उनाड पोरं आणि नेमका प्रार्थनेच्या वेळी आरवणारा कोंबडा. लोक अंक मागून उघडतात हे फादरना ठाऊक होतं. खरं सांगायचं तर फादरही मागूनच उघडायचे.

त्या घराच्या जेवणाच्या टेबलाशी एक स्टूल कायम रिकामं. फादर म्हणत, ते प्रभूसाठी. मास्तरांची बहीण म्हणे, जहाजावर गेलेल्या कोणासाठी तरी असेल. मुंबईला चित्रकला शिकून आलेली ब्रिजित म्हणे, चित्राचा तोल राखायला.

मास्तरांना विचारलं, की ते टाक पुसायला घेत.

आता त्यांचा हात थरथरू लागला होता. सणाच्या अंकापासून हे पान दुसऱ्या कोणाला तरी द्यायचं, असं त्यांनी फादरना सांगून टाकलं होतं. ब्रिजितला ते पान हवं होतं. इतकं हवं होतं, की त्या आठवड्यात तिने दोनदा चहात मीठ घातलं आणि एकदा तो पिऊनही टाकला.

“स्टुलाचं राहू दे,” ती म्हणाली. “आधी हे बघा! साडेअकराच्या लाँचने छापखान्यात जायला हवं.”

या महिन्याचं पान मास्तरांनी तिला करून बघायला दिलं होतं. तिने कागद पसरला. मास्तरांनी चष्मा लावला.

गेल्या रविवारची गोष्ट होती. चर्चमधली मिस्साप्रार्थना संपल्यावर मावशीच्या नातवाचा बाप्तिस्मा, म्हणून ब्रिजितच्या आईने फुग्यांचं पीठ भिजवलेलं. फुगे म्हणजे मुठीतून पिळून तेलात सोडायचे ते गोल, गोडसर पाव. पीठ आंबून वर येतं, त्यावर कोणीतरी नजर ठेवावी लागते. घरी कोणी थांबेना, तेव्हा आई पिठाचं पातेलं मांडीवर घेऊनच चर्चमध्ये बसली. फादर नेमके पीठ फुगवणाऱ्या खमिराचा बायबलमधला दाखला सांगत होते. तेवढ्यात पिठाने झाकण उचललं... आणि झाकण फरशीवर खणखणत थेट वेदीपर्यंत गेलं.

ब्रिजितने ते सगळं पकडलं होतं. फादरचा उघडा राहिलेला जबडा. गायकमंडळाचे फुगलेले गाल. आणि मधोमध आई, पिठावर दोन्ही हात दाबून, डोळे कपाळात.

मास्तरांच्या पोटातून हसू आलं. चष्मा घसरला.

“आवडलं ना? सांगा ना, मास्तर!”

“रेघ झकास हाय.”

ब्रिजित जागच्या जागी उडालीच.

“आई काय म्हणाली?”

“आई? म्हणाली, बरं काढलंस. आणि चुलीकडे वळली. तिला कार्टून कळत नाही, मास्तर.”

“बाजारात येते हल्ली?”

“नाही. मासळीवाल्या तिला विचारतात, पीठ वर आलं का गो?” ब्रिजित हसली. मग तिच्या लक्षात आलं, की मास्तर हसत नाहीयेत.

“अंक किती घरांत जातो?”

“दीडशे.”

“पिठावर नजर कोण ठेवणार होतं?”

ब्रिजित चित्राकडे बघू लागली. चित्रात त्याचं उत्तर नव्हतं.

“मी,” ती म्हणाली. “पण मला चर्चमधली माणसं काढायची होती. म्हणून वही घेऊन मीही गेले.”

“कुठे बसलेलीस?”

“आईच्या बाजूला.”

“तिथे तर खांब हाय.”

“तो मी घातला. त्याने आई उठून दिसते.”

मास्तरांनी दौतीत अंगठा बुडवला. हात कागदावर नेला. आणि खांबाच्या बरोबर मध्ये अंगठा टेकवला.

काळाकुट्ट, वाटोळा डाग.

“मास्तर!” ब्रिजित किंचाळली. शेजारच्या अंगणातली कोंबडी पळाली. “काय केलंत हे! अकराला दहा कमी आहेत! वाटोळं झालं चित्राचं!”

“जागा झाली,” मास्तर म्हणाले आणि टाक तिच्यापुढे धरला.

ती रागाने लाल झाली होती. दुसरा कागद घ्यावा, नव्याने काढावं, तर वेळ नव्हता. तिने डागाकडे बघितलं. डागाला वर थोडे कुरळे केस फुटलेले दिसत होते. तिचे स्वतःचे केस तसेच होते, वर्षानुवर्षं तेल लावूनही न बसणारे.

तिने टाक हिसकावला.

डागाचं डोकं झालं. डोक्याखाली वही आली. वहीत नाक खुपसून बसलेली मुलगी आली. पीठ आता आईच्या हातांमधून निसटून त्या मुलीच्या वहीवर, मांडीवर, बुटांत चाललं होतं, आणि त्या शहाणीला पत्ताच नव्हता! ब्रिजित काढता काढता फिसकन हसली. मग खदखदून हसली. मग टाकासकट कागद उचलून शाई वाळायच्या आतच धावत सुटली.

मास्तरांनी तिला अडवलं नाही.

अकरा वाजून वीस मिनिटांनी ती परत आली. धापा टाकत, एक चप्पल हातात, एक पायात.

“हसली! मास्तर, आई हसली! आधी बघतच राहिली. मग उंबऱ्यावरच बसली. पदराने डोळे पुसले. म्हणाली, अगदी हेच ध्यान बसलं होतं माझ्या बाजूला!”

मास्तरांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला. चित्रातल्या मुलीच्या कानामागे एक पेन्सिल खोचलेली होती. वाकडी, जाडसर, भलतीच मोठी.

“ही रेघ कोणाची?”

“आईची. म्हणाली, कानावरची पेन्सिल विसरलीस. माझ्या हातातून टाक घेतला आणि स्वतः काढली. खोडू का?”

“अजिबात नाय. सगळ्यात बरी तीच हाय.”

धक्क्यावर लाँचचा भोंगा वाजला. ब्रिजितने कागद पुठ्ठ्यात घातला, वर दोरा गुंडाळला आणि पुन्हा पळाली. अर्ध्या वाटेवर तिला दिसलं, की आई पाटी घेऊन बाजाराच्या वाटेला लागली आहे. आईने हात हलवला. हिने पुठ्ठाच हलवला.

लाँच सुटल्यावर ती मास्तरांकडे सावकाश परत आली. मास्तरांनी दौत, टाक आणि टीपकागद टेबलाच्या तिच्या बाजूला सरकवून ठेवले होते.

तिने टाक उचलला, उजेडात धरला.

“पान... माझं?”

मास्तरांनी मान डोलावली.

“पुढच्या महिन्यापासून बस्त्याव, नातालीन, आजी, सगळे मीच काढायचे?”

“कोंबडापण.”

ती हसली. मग तिला सकाळचा प्रश्न आठवला.

“आणि ते स्टूल? ठेवू, की काढून टाकू?”

मास्तर खिडकीशेजारून उठले. टेबलापर्यंत आले.

“ठेव गो,” ते म्हणाले. “माझंच हाय ते. आता तू काढ, मी बसतो.”