काचेबाहेरचे तळहात

एकदा एका जुन्या मोटारीची समोरची काच काढली जात असताना, बाहेरून काचेला दोन्ही तळहात लावून उभ्या असलेल्या एका शिष्येला काहीतरी चुकल्यासारखे वाटले. आवाज झाला नव्हता. उजव्या तळहाताखाली, खालच्या कोपऱ्याशी, एक बारीक ठोका पडला. पलीकडून कोणी नखाने टिचकी मारावी तसा.

तिने तोंड उघडले. मग आजूबाजूला पाहिले आणि मिटून घेतले.

मोटार साठ वर्षांपूर्वीची होती. काचेखालची चौकट गंजून पाणी आत झिरपू लागले होते आणि गंज खरवडायचा तर आधी काच बाहेर येणे भाग होते. मोटारीचा मालक शहरातला एक व्यापारी. किल्ली देताना त्याने एकच गोष्ट बजावली होती. काचेच्या आतल्या अंगाला, खाली, तिळाएवढा एक पांढरा ठिपका होता. मालकाला गाडी शिकवताना त्याच्या वडिलांनी काडीने रंग घेऊन तो टेकवला होता. हा ठिपका रस्त्याच्या कडेवर धर, म्हणजे चाक खाली उतरणार नाही, असे सांगून. वडील गेले, रस्ते रुंद झाले, ठिपका राहिला.

"बाकी काय हवं ते बदला," व्यापारी म्हणाला होता. "वडिलांचं बोट तेवढं राहू द्या."

तशी काच आता कुठे मिळतही नव्हती.

अशी काच रबराच्या जाड पट्टीत बसवलेली असते. पट्टीची कड आतून उचलत जायची, मग एकाने आत बसून, पाठ सीटला टेकवून, अनवाणी पावलांनी काच बाहेर रेटायची आणि दुसऱ्याने बाहेर तळहात लावून तिला झेलायचे. त्या कार्यशाळेचा एक जुना नियम होता. बाहेरचा 'थांबा' म्हणाला की आतल्याने कारण न विचारता पाय काढून घ्यायचे. आतल्याला फक्त आपला जोर कळतो. काचेच्या मनात काय आहे ते बाहेरच्या हातांना आधी कळते.

आत बसले होते ते त्या कार्यशाळेचे वृद्ध कारागीर. सगळे त्यांना नाना म्हणत. शिष्या महाविद्यालयातून यंत्रशास्त्र शिकून आलेली, हुशार, पण सशाच्या काळजाची. त्या सकाळी ती तीनदा 'थांबा' म्हणाली होती. पहिल्यांदा कोणाच्या हातून पाना पडला म्हणून. दुसऱ्यांदा बॉनेटखालून पाल निघाली म्हणून. तिसऱ्यांदा रबर नुसते करकरले होते. तिन्ही वेळा नानांनी पाय काढले, तिसऱ्यांदा मात्र आतून म्हणाले, "तुला कॉलेजात इंजिनीयर केलं का टिटवी?"

कोपऱ्यातला वेल्डर खो खो हसला. "नाना, हिला हॉर्नच्या जागी बसवा. बॅटरीसुद्धा लागायची नाही."

सगळे हसले. तीही हसली, कारण न हसणे अधिक वाईट दिसले असते.

म्हणून चौथ्या वेळी, खरोखर काही घडले तेव्हा, ती गप्प राहिली. भास असेल, तिने स्वतःला समजावले. नानांचे पाय पुन्हा टेकले. कट् असा कोरडा आवाज झाला आणि कोपऱ्यातून निघालेली रेघ तिच्या डोळ्यांदेखत धावत गेली, थेट पांढऱ्या ठिपक्यातून पार.

वेल्डर पुढे आला आणि मऊपणे म्हणाला, "जुनी काच आहे. आधीच तडा होता म्हणून सांगायचं. सगळीकडे असंच सांगतात. तू कशाला रडतेस?"

तिला ते वाक्य फार हवेसे वाटले.

नाना गुडघ्यांवर हात देत बाहेर आले. त्यांनी तड्याकडे पाहिले नाही, तिच्याकडे पाहिले. "तुला आधी कळलं होतं ना?"

तिने मान डोलावली.

ते रागावले नाहीत. कोपऱ्यातून निसटलेली काचेची एक कपची त्यांनी उचलली, अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरली आणि सावकाश दाबू लागले. तिला काही उमगेना. रक्ताचा थेंब आला, मग धार मनगटाकडे वाहू लागली. नानांचा चेहरा जसाच्या तसा. ते अजून तिच्याकडेच पाहत होते.

"थांबा," ती किंचाळली. "नाना, रक्त."

त्यांनी कपची टाकली आणि दोन्ही हात उजेडात धरून कुठे कापले आहे ते शोधले. खरोखरच शोधले.

"मला कळलं नाही," ते म्हणाले. "साखरेच्या आजारानं बोटांतली जाणीव गेली, तीन वर्षं झाली. पावलांतलीही. इथं कुणाला सांगितलं नाही. मग एवढी वर्षं मी काचा रेटतोय ते कोणाच्या भरवशावर? ही बाकीची मंडळी तोफ उडाली तरी वळून बघत नाहीत. तरी बाहेर उभं करायला मी तुलाच हाक मारतो. का, तर तू दचकतेस. टिटवी उघड्या माळावर अंडी घालते, म्हणून एवढ्या-तेवढ्यानं ओरडते. तू तीनदा उगाच ओरडलीस, तर माझं काय गेलं? तीनदा पाय काढले, एवढंच. आणि त्यावरून मी तुला चारचौघांत हसलो. अर्धा तडा तिथंच गेला होता, मी पुन्हा पाय लावायच्या आधी."

ती वाट पाहत राहिली. आता ते म्हणतील, जाऊ दे, पोरी.

"उरलेला अर्धा तुझा," नाना म्हणाले. "हाताला कळत होतं. लोक हसतील म्हणून हाताला खोटं पाडलंस. आता फोन लाव. पाय माझा होता ते मी सांगेन. तुला काय कळलं होतं, ते मला सांगता येणार नाही."

किल्ली देताना व्यापाऱ्याने तिचाच नंबर घेऊन ठेवला होता. तिने त्याला फोन लावला. घंटी वाजून वाजून बंद पडली. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"उचलत नाही तर राहू दे," वेल्डर म्हणाला. "संध्याकाळी येतीलच. तोवर काहीतरी जमवू सांगायला."

तिच्या मनात आले, हा काही वाईट माणूस नाही. मघाशी हसला तेव्हाही नव्हता. तिला सांभाळूनच घेत होता.

तरी तिने तिसऱ्यांदा नंबर लावला आणि दुसरा तळहात काचेवर टेकवला. बाहेरून हाताला सगळे गुळगुळीतच लागत होते. एका ठिकाणी मात्र नख अडकले. नाना बोटाला फडके गुंडाळत होते, न कापलेल्या, भलत्याच बोटाला.

घंटी थांबली.

"बोल गं बाळ," पलीकडून व्यापारी हसऱ्या आवाजात म्हणाला. "निघाली का काच? तो ठिपका..."

"थांबा," ती म्हणाली.