पुंगळीत भरलेले तांदूळ

रानात शिकारीला मोकळीक होती, तेव्हाची ही गोष्ट. हैबतराव शिकारी झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या चिंचेच्या पाण्यासकट पिंपात भरायचे आणि पिंप गरगर फिरवायचे. पुंगळ्या लखलखल्या की त्यांत पुन्हा दारू भरायची.

एक पुंगळी मात्र तळाच्या गाळात तोंड लपवून बसली होती.

"घे की गं घासून, नवरीसारखी दिसशील," बाकीच्या म्हणाल्या.

"काजळी निघेल गं. पण माझ्या गोळीनं हरिणी पडली, आणि पाडस तिला चाटत उभं होतं. ते कशानं निघेल? मला पुन्हा भरून घ्यायचं नाही."

पण पिंप फिरलं आणि तीही घासली गेली. काजळी निघाली, तशी खालची बारीक चीर दिसली. "फुटकी आहे," म्हणत हैबतरावांनी तिला बाजूला टाकलं. बाकीच्या फिदीफिदी हसल्या.

घरातल्या मंजुळाकाकूंचा त्या दिवशी सोमवारचा उपास होता. त्यांनी पुंगळी उचलली आणि तिच्यात काहीतरी भरू लागल्या. पुन्हा दारूच, असं पुंगळीला वाटलं. पण ते चिमूटभर तांदूळ होते. त्यात उदबत्ती खोचून काकूंनी तिला देवापुढे ठेवलं.

"समईबाई, मी या जागेची नाही," ती मान खाली घालून पुटपुटली.

समई हळूच म्हणाली, "इथं मान खाली घालूनच यायचं असतं, बाई. बस."