केशरची शिदोरी

नद्यांवर अजून पूल नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. एका तळ्यावर थंडीपुरते चक्रवाक पक्षी उतरत आणि ऊन तापू लागलं की हिमालयापलीकडे घरी परतत.

परतायचे दिवस जवळ आले, तशी केशर नावाची तरुण चक्रवाकी पाण्यात आपलं गोल पोट बघून खट्टू झाली. शेजारी सडपातळ बगळा उभा होता. तो म्हणाला, "दाणा सोड. जितकी उपाशी राहशील, तितकी लांब उडशील."

केशरनं ज्वारीच्या शेताकडे पाठ फिरवली. चार दिवसांत ती पिसासारखी हलकी झाली खरी, पण तळ्याचा पलीकडचा काठ गाठतानाच तिला धाप लागली.

ते पाहून थोरल्या आत्यानं बगळ्याला विचारलं, "बगळोबा, तुम्ही कुठवर उडता हो?"

"मी? इथून त्या बाभळीपर्यंत."

आत्या केशरकडे वळली. "वर बर्फात दाणा मिळत नाही, बाई. ते पोट नव्हे, शिदोरी आहे तुझी."

निघायला अजून आठ दिवस होते. केशर रोज शेतात उतरली आणि पोटभर जेवली.

मग एका पहाटे थवा उडाला. हिमालयावर खाली नुसता पांढरा बर्फ पसरला होता. केशरचं पोट हळूहळू उतरत होतं, आणि तिला वाटेभर ज्वारीचा गोड वास येत होता.