सोनकीचा दोर आणि राजाच्या डोळ्यांतलं धुकं

एका राज्यात उंच पठारावर एक गड होता, आणि त्या गडावर पाण्याची एकच विहीर होती. विहीर अशी खोल, की वरून टाकलेला खडा पाण्याला लागेपर्यंत टाकणारा त्याला विसरून जाई. विहिरीवर रहाट, रहाटावर दोर, आणि त्या दोरावर सगळ्या गडाचा जीव.

गडाच्या पायथ्याला, नदीकाठी, सोनकीचा दोरखाना होता. बापामागे तो तिनेच चालवला. अंबाडी नदीत कुजवावी, तिच्या सालीचा वाख सोलावा, धुवावा, वाळवावा, त्याला पीळ द्यावा. तिच्या हाताखाली पुष्कळ माणसं होती, आणि तिची जीभ तिखट होती. माल चांगला असला की पुरे, विकणाऱ्याने नटायचं कशाला, असं ती म्हणे. कुजक्या अंबाडीचा वास अंगाला, हिरवट चिखल लुगड्याला, तशीच ती गिऱ्हाइकापुढे उभी राही. कोणी नाक मुरडलं तर त्याला दोर देत नसे.

तिची धाकटी बहीण मालन गडावर दिली होती. मालनचा नवरा दौलू विहिरीचा गाळ काढणाऱ्यांचा नाईक. एका उन्हाळ्यात तो कमरेला दोर बांधून खाली उतरला, दोर अर्ध्यावर तुटला, आणि दौलू जिवंत वर आला नाही.

निरोप आला तेव्हा सोनकी गुडघाभर पाण्यात उभी होती. दोर कोणाचा, एवढंच तिने विचारलं. निरोप्या म्हणाला, सुवर्णपाल सौदागराचा. हल्ली गडाला तोच दोर देतो. त्याने तुटलेलं टोक बरोबर आणलं होतं. सोनकीने त्याचा पीळ उलगडला. वर वाखाचं पातळ वेष्टण होतं, आत भाताचं काड. माणसाला बांधायच्या दोरात भाताचं काड.

ती पाण्यातून निघाली. आपल्या दोराचं वेटोळं खांद्यावर टाकलं, आणि ओल्या लुगड्यानिशी तरातरा गड चढली. बहिणीच्या दारावरून गेली, पण आत वळली नाही. दरबारात जाऊनच थांबली.

राजा जयकेतू सिंहासनावर बसला होता. त्याच्या उजवीकडे प्रधान, डावीकडे सुवर्णपाल. सुवर्णपालाच्या अंगात मोरपंखी रंगाचा, सोनेरी बुट्ट्यांचा अंगरखा होता. सोनकीने तुटलेलं टोक राजापुढे धरलं, आपला दोरही धरला, आणि म्हणाली, हा पाहा आणि तो पाहा. राजाची नजर तिच्या पदरावर आली नि तिथेच थांबली. वर चेहऱ्याकडे गेली नाही, खाली हाताकडे गेली नाही.

"दरबारात एक मळकं लुगडं आलं आहे," राजा म्हणाला. "ते बाहेर न्यावं."

तो रागाने बोलला नाही. वारा सुटलाय, दार लावा, असं कोणी म्हणावं तसं म्हणाला. सोनकीला बखोटीला धरून बाहेर नेलं. कोणी हसलं नाही, कोणी बोललंही नाही.

ती विहिरीच्या काठावर बसली.  माझ्या मेव्हण्याला काडाच्या दोराने मारलं, आणि ह्यांना माझं लुगडं दिसतं, असं ती स्वतःशीच पुन्हापुन्हा म्हणत होती. विहिरीच्या भिंतीतल्या बिळात एक म्हातारा खंड्या पक्षी राहत असे. तो बाहेर आला, रहाटावर बसला आणि बोलू लागला.

त्याने सांगितलं ते असं. जयकेतूच्या बापाच्या काळी मेघनाभ नावाचा मांत्रिक दरबारात अंजन विकायला आला होता. ते डोळ्यांत घातलं की जन्मांधालाही दिसे. पण पाऊस होता, मेघनाभाच्या अंगावर भिजलेलं वल्कल होतं, आणि राजाने डबी न उघडताच त्याला पायऱ्यांवरून ढकलून दिलं. मांत्रिकाने शाप दिला, तुझ्या वंशाला माणसाचं वस्त्र तेवढं दिसेल. चेहरा नि हातातली वस्तू धुक्यात राहील. जयकेतू पाळण्यात असल्यापासून आईचा चेहरा त्याने पाहिला नाही. तो तिला शालूवरून ओळखे.

"शाप कसा सुटेल?" सोनकीने विचारलं.

"ज्याने दिला त्याला विचार," खंड्या म्हणाला. "त्या काळ्या डोंगराआड तो राहतो."

सोनकी काळ्या डोंगराआड गेली. मेघनाभ आता फार म्हातारा झाला होता, आणि त्याच्यापुढे एक लोखंडी पेटी उघडी पडली होती. तिच्यात जगातली उंची वस्त्रं होती, पण त्यांनाही शाप होता. जितके डोळे त्या वस्त्रांवर पडतील तितकी ती जड होत. त्यांतला एक अंगरखा सुवर्णपालाने चोरला होता, आणि राजापुढे बसून तो व्यापार करत होता.

सोनकीने मेघनाभाला नमस्कार केला नाही. "तुमचा अपमान राजाने केला," ती म्हणाली, "आणि मेला माझ्या बहिणीचा नवरा."

 म्हाताऱ्याने सांगितलं, की शाप तोंडून गेला, आता तो परत घेणं त्याच्या हाती नाही. पण वाट होती. तीन गिऱ्हाइकं होती, ज्यांनी सौदागरांना दारातून परत पाठवलं होतं. सोनकीने त्यांना दोर विकावा. विकला गेला की प्रत्येकाने आपल्या वस्त्रातला एक धागा द्यावा. ते धागे पदराला लावून ती राजापुढे गेली, तर राजाची नजर पदरावरून हातापर्यंत उतरेल.

"अट एकच," मेघनाभ म्हणाला. "सौद्याच्या वेळी तुझ्या अंगावर असेल त्या वस्त्राबद्दल गिऱ्हाईक एक शब्दही बोललं, तर तो सौदा फुकट, पुन्हा जावं लागेल. पेटीतलं हवं ते घेऊन जा."

सोनकीच्या डोक्यात अजून दरबार होता. कपडेच पाहायचे ना, मग घ्या पाहून, असं म्हणत तिने पेटीतला सर्वांत भारी, जरीचा शालू उचलला.

पहिलं गिऱ्हाईक होतं डोंगरमाथ्यावरचा मेंढपाळ सटवाजी. त्याच्या मेंढ्या कड्याच्या कपारीत अडकत, आणि त्यांना वर काढायला दोर लागे. सोनकी शालू नेसून चढली. वाटेत मेंढ्यांचा कळप तिच्याकडे टकमक बघू लागला. एवढे डोळे पडल्यावर शालू असा जड झाला, की शेवटची चढण ती रांगत चढली. सटवाजीने तिला पाणी दिलं आणि सांगितलं, की असलं नेसून आजवर जे जे वर आले ते काहीतरी न्यायलाच आले. कोणी कुरण नेलं, कोणी मेंढ्या नेल्या. त्याने दोराला हातही लावला नाही.

संतापाने सोनकी खाली आली. मळकं नेसले तर हाकलतात, भारी नेसले तर भितात. माणसाने करावं तरी काय. पण खाली येताना तिला एक गोष्ट खटकत राहिली. पाणी देताना सटवाजी हात लांब करून दूरच उभा राहिला होता. तिच्या दोराकडे त्याचं लक्ष नव्हतं. आता आपलं काय जाणार, एवढंच तो बघत होता. ती भीती तिने स्वतः अंगावर घालून वर नेली होती.

दुसऱ्या दिवशी तिने आपलंच दुसरं लुगडं धुऊन वाळवलं, चढायला सोपं जावं म्हणून काष्टा घातला, पदर कमरेला खोचला. वर जाऊन ती सटवाजीशी फार बोलली नाही. दोर झाडाला बांधला, स्वतः कपारीत उतरली, आणि अडकलेलं कोकरू काखेत घेऊन वर आली. सटवाजीने दोराचा पीळ बोटांनी चाचपला, पुन्हा चाचपला, आणि किती लांबीचा मिळेल ते विचारलं. निघताना त्याने घोंगडीचा काळा धागा तोडून दिला.

दुसरं गिऱ्हाईक खाडीवर. जानूबाई नाखवीण तिथल्या सगळ्या होड्यांची मालकीण. सोनकीला वाटलं, आता आपल्याला कळलं. ज्याच्याकडे जायचं त्याच्यासारखं दिसावं. तिने खाडीवरच्या बायकांसारखं लुगडं नेसलं, त्यांच्यासारखीच खांद्यावर गाठ मारली. जानूबाई जाळं विणत बसली होती. तिने मान वर केली आणि हातातलं काम थांबलं.

"ही गाठ आमच्यात समुद्राने नवरा नेल्यावर मारतात," ती म्हणाली. "तुझा कोण गेला?"

 सोनकीचा कोणी गेला नव्हता. ज्याचा गेला होता त्या बहिणीच्या दारावरून ती सरळ पुढे निघून गेली होती. तिने ती गाठ सोडली, जानूबाईची क्षमा मागितली, आणि परत फिरली. काही दिवसांनी आली ती आपल्या लुगड्यात, दोरात अडकतील म्हणून हातातल्या बांगड्याही काढून. दोघींनी मिळून होडी दोराने किनाऱ्यावर ओढली. जानूबाई दोराबद्दलच बोलली, खाऱ्या पाण्यात तो किती टिकेल याबद्दल. तिने जाळ्यासारखा विणलेला आपला पदर पुढे केला आणि त्यातला निळा धागा दिला.

तिसऱ्या गिऱ्हाइकाचं नाव मेघनाभाने राखून ठेवलं होतं, सोनकी शालू परत करायला गेली तेव्हा त्याने ते सांगितलं. मालन.

नवरा गेल्यापासून मालनने दोराला हात लावला नव्हता. पाणी शेजारणी आणून देत. सोनकीने पेटीकडे पाहिलंही नाही. तिने नदीवर अंघोळ केली, केस विंचरून बांधले, साधं पांढरं, धुतलेलं लुगडं नेसली, आणि बहिणीच्या दारात उभी राहिली. कपाळावर कुंकू नव्हतं, केसांत फूल नव्हतं. मालनने तिला आत घेतलं. 

मग मालन बोलली. त्या दिवशी तू दरबारात गेलीस, हे मला लोकांनी सांगितलं, ती म्हणाली. लुगड्याला चिखल, अंगाला वास. मी खिडकीत उभी होते, तू माझ्यासमोरून गेलीस.

"राजा आंधळा आहे गं, मालन," सोनकी म्हणाली. "मी रेशीम नेसून गेले असते तरी त्याने काड पाहिलं नसतं."

"ते खरं असेल," मालन म्हणाली. "पण तिथे तू माझ्या माणसाच्या वतीने उभी होतीस. मी त्याला अंघोळ घालून, नवं धोतर नेसवून वाटेला लावला. तू त्याच्यासाठी तोंडही धुतलं नाहीस."

दरबारातून बाहेर ढकलली गेली तेव्हा सोनकी रडली नव्हती. आता रडली. राजावरचा तिचा राग कणभर कमी झाला नाही, पण त्या रागात एक वाटा स्वतःचाही होता हे तिला दिसलं. मालनने तिचं रडणं सरू दिलं. मग दोर मांडीवर ओढून घेतला, कुठे पोकळ लागतो का ते टोकापासून टोकापर्यंत दाबून पाहिलं. तो कुठेही पोकळ नव्हता. दौलूच्या पागोट्यातला पांढरा धागा तिने स्वतःच्या हाताने सोनकीच्या पदराला, काळ्या नि निळ्या धाग्याशेजारी, शिवला, आणि म्हणाली, मीही येते.

दोघी दरबारात गेल्या. सोनकीचं लुगडं साधं होतं, स्वच्छ होतं, आणि दोर खेचायला हात मोकळे होते. राजाची नजर पदरावर आली. काळ्या धाग्यावरून निळ्यावर गेली, निळ्यावरून पांढऱ्यावर, आणि तिथून खाली उतरली.

"तुझ्या हातात काय आहे?" राजाने विचारलं.

आजवर हा प्रश्न त्याने कोणाला विचारला नव्हता. विचारताक्षणी त्याच्या डोळ्यांतलं धुकं विरलं. त्याला दोर दिसला. तुटलेलं टोक दिसलं, त्यातलं काड दिसलं. मग मालनचा चेहरा दिसला, आणि राजा सिंहासनावरून उठून उभा राहिला.

आजवर त्या अंगरख्याकडे एकटा राजाच टक लावून बघे. आता सगळ्यांनी सुवर्णपालाकडे पाहिलं. एवढ्या डोळ्यांचा भार पडल्यावर मोरपंखी अंगरखा शिळेसारखा जड झाला. सुवर्णपालाला उठता येईना, श्वास घेता येईना. शेवटी शिंप्याला बोलावून अंगरखा कापून काढावा लागला, आणि शिपायांनी सौदागराला बंदीखान्यात नेलं.

राजाने सोनकीला आपल्या खांद्यावरची शाल देऊ केली. आपल्या बापाने आणि आपण जे केलं त्याबद्दल त्याने भर दरबारात हात जोडले. सोनकीने शाल घेतली नाही. ती प्रधानाकडे वळली.

"महाराजांना शाप होता," ती म्हणाली. "तुम्हाला काय झालं होतं?"

प्रधानाने खाली पाहिलं. त्याच्या मागच्या सरदारांनीही खाली पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत कधी धुकं नव्हतं. दोर येत होता तेव्हा प्रत्येकाने तो पाहिला होता, काहींनी दाबूनही पाहिला होता. अंगरखा राजाला आवडतो, मग आपण कशाला बोला, असं म्हणून सगळे गप्प बसले होते. दौलू उतरला तेव्हाही गप्प होते. सोनकीला बखोटीला धरून बाहेर नेलं तेव्हाही.

सोनकीने हे सगळं सांगितलं नाही. तिने नुसती उत्तराची वाट पाहिली. ते आलं नाही, तेव्हा राजाने आज्ञा केली, की आजपासून गडासाठी जो दोर पसंत करील, त्याने त्या दोरावर सगळ्यांच्या आधी विहिरीत उतरावं. सुरुवात प्रधानजींनी करावी. दौलूचं राहिलेलं काम बाकी आहे.

प्रधानाने जरीचा फेटा उतरवला, अंगरखा उतरवला, उपरणं उतरवलं. गाळात उतरायला जसं उतरतात तसा, गुडघ्यावर धोतर खोचून, तो विहिरीच्या काठावर आला. सोनकीने त्याच्या कमरेला आपला दोर बांधला. रहाट मालनने धरला. सारा गड भोवती उभा होता.

अर्ध्यावर गेल्यावर प्रधान थांबला. खालून त्याचा आवाज आला, बारीक आणि घाबरलेला. दोर पक्का आहे ना, तो विचारत होता.

मालनने रहाटावरचा हात हलू दिला नाही. ती काठावरून वाकली, अंधारात पाहिलं, आणि शांतपणे म्हणाली, "उतरा."

प्रधान उतरला. गाळ वर आला, त्यामागून पाणी आलं. राजाने प्रजेला तोंडावरून ओळखायला सुरुवात केली, आणि ज्याने ही कहाणी ऐकली त्याच्या दारी कोणाचा काडाचा दोर न येवो.